संगणकाकडून होणारी कॅन्सरच्या स्लाइडची तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहरातून आणि मालेगाव, निफाड, कळवण, पेठ, सुरगाण्याकडून आमच्या लॅबमध्ये बायॉप्सीचे तुकडे येतात, आणि त्यांच्यामागोमाग प्रश्नही येतात. काही रुग्णांच्या नातेवाइकांचे असतात, काही एमडीचा प्रबंध लिहिणाऱ्या मुलामुलींचे, काही टेक्निशियन मंडळींचे. अलीकडे इंजिनिअरिंगचे विद्यार्थीही बरेच विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पहिले काही सगळ्यांसाठी आहेत, पुढचे हळूहळू तांत्रिक होत जातात. तुमच्या उपचाराचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

१. डिजिटल पॅथॉलॉजी म्हणजे काय? आमची गाठ काढली, पुढे तिचं काय होतं?

तुकडा आधी फॉर्मेलिनमध्ये टिकवला जातो, मग त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवतात. या मेणाच्या ठोकळ्याला लॅबमध्ये ब्लॉक म्हणतात. मायक्रोटोमवर त्याचे ३ ते ४ मायक्रॉन जाडीचे काप घेऊन काचेवर चढवतात आणि रंगवतात. नेहमीच्या एच अँड ई रंगात पेशींची केंद्रकं निळी-जांभळी दिसतात आणि बाकीचा भाग गुलाबी. इथपर्यंत सगळं वर्षानुवर्षं चालत आलंय तसंच आहे. डिजिटल पॅथॉलॉजीत एक पायरी वाढते: काच स्कॅनरमध्ये जाते आणि तिची सबंध प्रतिमा पडद्यावर येते. त्या प्रतिमेवर प्रोग्राम चालवून पेशी ओळखणं, मोजणं, गाठीचा भाग बाजूच्या भागापासून वेगळा करणं, याला स्वयंचलित विश्लेषण म्हणतात. स्लाइड स्कॅन झाली म्हणजे विश्लेषणही झालंच असं नाही. बऱ्याच ठिकाणी डॉक्टर पडद्यावर बघून रिपोर्ट करतात, एवढंच असतं.

२. आईच्या रिपोर्टवर ‘इमेज ॲनालिसिस’ असं लिहिलंय. म्हणजे कॅन्सर आहे की नाही हे मशीनने ठरवलं का?

नाही. निदान पॅथॉलॉजिस्टने केलेलं असतं आणि रिपोर्टवर त्यांचीच सही असते. ते शब्द साधारणपणे एखाद्या मार्करच्या (म्हणजे कॅन्सरपेशीत रंगवून बघायच्या ठरावीक प्रथिनाच्या) टक्केवारीपुढे लिहिलेले असतात. त्याचा अर्थ इतकाच की तो आकडा नजरेच्या अंदाजाने काढलेला नसून प्रोग्रामने पेशी मोजून दिला आहे आणि डॉक्टरांनी तो तपासून घेतला आहे. शंका असेल तर लॅबला सरळ विचारा: कोणत्या भागात मोजलं, किती पेशी मोजल्या आणि कोणी तपासलं? या तिन्हींची उत्तरं मिळायलाच हवीत. विचारायला संकोच करू नका.

३. संगणक नेमकं काय काय मोजतो?

रोजच्या कामात सर्वांत जास्त उपयोग स्तनाच्या कॅन्सरच्या मार्करसाठी होतो: ईआर आणि पीआर (हार्मोनना प्रतिसाद देणारी प्रथिनं), हर-२ (वाढीचा संदेश घेणारं प्रथिन) आणि केआय-६७ (पेशी वाढत असल्याची खूण). ईआर, पीआर आणि केआय-६७ केंद्रकात दिसतात, तर हर-२ पेशीच्या कडेला दिसतो, त्यामुळे त्यांची मोजणी वेगवेगळ्या पद्धतीने होते. लसिकाग्रंथीत (लिम्फ नोडमध्ये) कॅन्सर पसरलाय का हे शोधणं, प्रोस्टेटच्या बायॉप्सीतल्या संशयास्पद जागा दाखवणं, विभाजन होत असलेल्या पेशी मोजणं, हीही कामं होतात. संशोधनात यादी आणखी वाढते. गाठीत किती लिम्फोसाइट (रोगप्रतिकारक पेशी) शिरल्या आहेत आणि त्या गाठीच्या मध्यभागी आहेत की कडेला, हे हाताने मोजायला कोणाला वेळ असतो? प्रोग्राम ते शेकडो स्लाइडवर एकाच निकषाने मोजतो. माझ्या मते संशोधनात त्याचा खरा फायदा इथेच आहे.

४. केआय-६७ एका लॅबमध्ये १४ टक्के आला, दुसरीकडे २२. खरं कोणाचं?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वांत जास्त येतो, आणि तो घाबरलेल्या आवाजात येतो. म्हणून सविस्तर सांगते.

केआय-६७ म्हणजे वाढीच्या फेऱ्यात असलेल्या कॅन्सरपेशींची टक्केवारी. १४ आणि २२ हे दोन्ही आकडे प्रामाणिकपणे काढलेले असू शकतात. पहिलं कारण निव्वळ गणिताचं. समजा ५०० पेशी मोजल्या आणि २० टक्के आले. केवळ योगायोगाने हा आकडा साडेतीन टक्क्यांनी वर किंवा खाली जाऊ शकतो. २००० पेशी मोजल्या तर हा फरक निम्म्यावर येतो. दुसरं कारण जागेचं. गाठ सगळीकडे सारखी नसते, कडेला पेशी भराभर वाढताना दिसतात आणि मध्ये शांत असतात. कोणी सर्वांत गडद जागा निवडतं, कोणी सबंध कापाची सरासरी काढतं. तिसरं कारण प्रोग्रामचं. लिम्फोसाइटही केआय-६७ ला रंगतात. बायॉप्सीच्या कडेला चिमट्याने चिरडलेल्या लिम्फोसाइट असल्या की त्यांची केंद्रकं लांबट, गडद होतात, आणि प्रोग्राम त्यांना गाठीच्या पेशी समजून मोजतो. मोजणीचा रंगीत थर पडद्यावर चालू करून कडेचा भाग मोठा केला की हे लगेच दिसतं: जिथे गाठ नाहीच, तिथे लाल ठिपक्यांची रांग लागलेली असते.

केआय-६७ वर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये सांगितलं की ईआर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह आणि सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये ५ टक्के किंवा त्याहून कमी, आणि ३० टक्के किंवा त्याहून जास्त, हे आकडे केमोचा निर्णय घेताना वापरण्याइतके भरवशाचे आहेत. १४ आणि २२ दोन्ही या दोन टोकांच्या मधले. म्हणून फक्त या फरकावरून धास्ती घेऊ नका. ग्रेड, गाठीचा आकार आणि काखेतल्या ग्रंथी यांच्याबरोबरच ऑन्कॉलॉजिस्ट (कॅन्सरतज्ज्ञ) त्याचा विचार करतात.

५. तालुक्याच्या ठिकाणी ऑपरेशन झालं आणि तुकडा नाशिकला पाठवला. त्यामुळे तपासणीत फरक पडतो का?

पडतो, आणि तो कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोठा असतो.

शरीरातून बाहेर आलेल्या तुकड्याचा रक्तपुरवठा थांबलेला असतो, त्या क्षणापासून तो खराब व्हायला लागतो. स्तनाच्या कॅन्सरच्या मार्करसाठी सर्वमान्य नियम असा: तुकडा तासाभराच्या आत फॉर्मेलिनमध्ये जावा आणि त्यात ६ ते ७२ तास राहावा. फॉर्मेलिन १० टक्क्यांचं, बफर केलेलं, आणि तुकड्याच्या आकारमानाच्या निदान दहापट. प्रत्यक्षात काय येतं? सलाइनमध्ये बुडवलेला तुकडा. अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेली सबंध गाठ, जी वरून कडक झालेली आणि आतून कच्ची. शनिवारी ऑपरेशन झालं, बाटली मंगळवारी मिळाली आणि वर वेळेची नोंदच नाही. अशा तुकड्याच्या मध्यभागी ईआर फिकट येतो किंवा येतच नाही. संगणक तो फिकटपणा इमानेइतबारे मोजतो आणि आकडा देतो. तो आकडा दशांशापर्यंत असतो, पण चुकीचा.

म्हणून रुग्णालयांना आमची कळकळीची विनंती: मोठी गाठ असेल तर सर्जनच्या सल्ल्याने तिला उभे छेद द्या, म्हणजे फॉर्मेलिन आत शिरेल. रुंद तोंडाचा डबा वापरा. गाठ काढल्याची आणि फॉर्मेलिनमध्ये टाकल्याची, दोन्ही वेळा डब्यावर लिहा. नातेवाइकांच्या हाती डबा दिला असेल तर त्यांनी तो उघडू नये आणि फ्रिजमध्ये ठेवू नये. थेट लॅबला पोचवावा.

६. एवढीशी काच, तिची फाइल इतकी मोठी का? आणि संगणक ती सगळी एकदम बघतो का?

१५ मिलिमीटर बाय १५ मिलिमीटरचा काप घ्या. ४० पटीच्या स्कॅनिंगमध्ये एक पिक्सेल साधारण पाव मायक्रॉनचा असतो. म्हणजे एका बाजूला ६०,००० पिक्सेल आणि एकूण ३६० कोटी. तशीच साठवली तर १० जीबीच्या वर जाते, दाबून साधारण १ जीबीच्या आसपास येते. त्या फाइलमध्ये एकच चित्र वेगवेगळ्या मापांत थरांनी ठेवलेलं असतं. मोबाइलवरच्या नकाशात आधी महाराष्ट्र दिसतो, मग नाशिक, मग तुमची गल्ली, तसं.

संगणक एवढं चित्र एकदम बघत नाही. तो त्याचे चौकोन पाडतो. ५१२ पिक्सेलचे चौकोन केले तर वरच्या कापाचे साधारण १३,७०० होतात. रिकामी काच वगळून उरलेले एकेक तपासायचे आणि निकाल पुन्हा जोडायचे. चौकोनाच्या रेषेवर आलेली पेशी दोनदा मोजली जाऊ नये म्हणून चौकोन थोडे एकमेकांवर चढवतात.

७. मायक्रोस्कोपवर मोबाइल धरून फोटो काढला, तो चालेल का?

एखाद्या जागेबद्दल ज्येष्ठांचं मत विचारायला ठीक. मोजणीसाठी नाही. मोबाइल स्वतःच रंग आणि उजेड बदलतो, मापाचा पत्ता नसतो, आणि जागा कोणी निवडली हाही प्रश्न उरतोच. व्हॉट्सॲपवर पाठवला की प्रतिमा आणखी दाबली जाते.

८. एफएनएसीच्या स्लाइडवरही हे चालतं का?

चालतं, पण अवघड आहे. बायॉप्सीचा काप सपाट असतो. सुईने काढून काचेवर पसरलेल्या पेशी एकमेकांवर चढलेल्या असतात, त्यामुळे एकाच फोकसमध्ये निम्म्या अस्पष्ट येतात. वेगवेगळ्या खोलीवर अनेक थर स्कॅन करावे लागतात, वेळ आणि फाइल दोन्ही कित्येक पटींनी वाढतात.

९. प्रबंधासाठी पैसे नाहीत. मोफत सॉफ्टवेअर आहे का, आणि सुरुवात कशी करायची?

आहे, आणि चांगलं आहे. क्यूपाथ हे बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात तयार झालं, २०१७ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला, आणि आता त्याचं काम एडिंबरा विद्यापीठातून चालतं. ते मोफत आहे, मुक्तस्रोत आहे आणि साध्या लॅपटॉपवरही मोठ्या स्लाइड उघडतं. इमेजजे आणि सेलप्रोफायलर हीही मोफत आहेत, पण सबंध स्लाइडसाठी क्यूपाथ सोयीचं पडतं.

केआय-६७ चं उदाहरण घेऊ. स्लाइड उघडल्यावर आधी प्रतिमेचा प्रकार निवडा. मग निळा (केंद्रकांचा) आणि तपकिरी (मार्करचा) रंग तुमच्या लॅबमध्ये नेमके कसे दिसतात ते सॉफ्टवेअरला दाखवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. प्रत्येक लॅबचा हिमॅटॉक्सिलिन, म्हणजे तो निळा रंग, वेगळा असतो. त्यानंतर गाठीचा भाग स्वतः आखा: घडी पडलेली जागा, हवेचा बुडबुडा, पेनची खूण, कुजलेला भाग बाहेर ठेवा. एका लहान चौकोनात पेशी ओळखायला लावा, मोठं करून बघा. दोन चिकटलेल्या पेशी एक म्हणून मोजल्या जातात का? एका मोठ्या केंद्रकाचे दोन तुकडे होतात का? सेटिंग जुळवा, आणि एकदा जुळलं की सगळ्या स्लाइडना तेच ठेवा. स्लाइडगणिक सेटिंग बदलत गेलात तर आकड्यांना काही अर्थ राहणार नाही. सॉफ्टवेअरची आवृत्ती, सेटिंग, स्कॅनर आणि पिक्सेलचं माप वहीत लिहून ठेवा. तोंडी परीक्षेला परीक्षकांनी नाही विचारलं तरी दोन वर्षांनी तुम्हालाच लागेल. शेवटी काही स्लाइड आकडे न दाखवता दोन पॅथॉलॉजिस्टकडून मोजून घ्या आणि तुलना करा. आपल्या कॉलेजच्या नैतिक समितीची परवानगी यातल्या कोणत्याही पायरीच्या आधी हवी.

१०. आमच्या मॉडेलची अचूकता ९८ टक्के आली, पण दुसऱ्या लॅबच्या स्लाइडवर पार कोसळली. असं का?

इंजिनिअरिंगच्या मुलांनो, बहुतेक वेळा कारण दोनपैकी एक असतं.

एक, चौकोनांची सरमिसळ. एका रुग्णाच्या स्लाइडचे हजारो चौकोन होतात. ते सगळे एकत्र ढवळून ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के तपासायला ठेवले, तर एकाच रुग्णाचे चौकोन दोन्हीकडे जातात. मॉडेल रोग शिकत नाही, त्या रुग्णाला ओळखायला शिकतं. विभागणी चौकोनांची नाही, रुग्णांची करा. एकाच रुग्णाची बायॉप्सी आणि नंतरचं ऑपरेशन हेही एकाच बाजूला ठेवा.

दोन, लॅबची छाप. टीसीजीए या अमेरिकेतल्या मोठ्या खुल्या संग्रहावर २०२१ मध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं की स्लाइड कोणत्या संस्थेतून आली हे मॉडेलला रंगावरून आणि पोतावरून ओळखता येतं, आणि रंग एकसारखा करून घेतल्यावरही ही छाप पूर्ण पुसली जात नाही. आता विचार करा: तुमचे बहुतेक कॅन्सरचे नमुने एका मोठ्या रुग्णालयातले आणि बहुतेक साधे नमुने दुसऱ्या लॅबमधले असतील, तर मॉडेलला कॅन्सर शिकायची गरजच काय? लॅब ओळखली तरी ९८ टक्के मिळतात. प्रत्येक लॅबमधून दोन्ही प्रकारचे नमुने घ्या, आणि एक लॅब पूर्णपणे बाजूला ठेवून शेवटी एकदाच तपासा. तिथे आलेला आकडाच जगाला सांगण्यासारखा.

११. ९५ टक्के अचूक म्हणजे शंभरात पाचच चुका ना?

आकडा कशाचा आहे यावर अवलंबून. समजा १००० लसिकाग्रंथी तपासल्या आणि त्यातल्या १०० मध्ये कॅन्सर आहे. प्रोग्राम ९५ टक्के रोगी ग्रंथी पकडतो आणि ९५ टक्के निरोगी ग्रंथींना निरोगी म्हणतो. तर तो १०० पैकी ९५ पकडेल, आणि ९०० निरोगी ग्रंथींपैकी ४५ वर उगाच बोट ठेवेल. म्हणजे बोट ठेवलेल्या १४० पैकी ४५ चुकीच्या, जवळजवळ तिसरा हिस्सा. यात काही बिघडत नाही, कारण त्या डॉक्टर पुन्हा बघतात. सुटलेल्या ५ ग्रंथींची काळजी जास्त करायला हवी, कारण ‘मशीनने काही दाखवलं नाही’ म्हणून माणसाची नजर तिथे सैल पडू शकते.

१२. मशीनने पॅथॉलॉजिस्टना हरवलं असं वाचलं. खरं आहे का?

ही चर्चा बहुतेकदा कॅमेलिऑन-१६ या स्पर्धेवरून होते. तिचे निकाल डिसेंबर २०१७ मध्ये जामा या नियतकालिकात आले. नेदरलँड्समधल्या दोन रुग्णालयांच्या स्लाइड होत्या, काम होतं स्तनाच्या कॅन्सरचा लसिकाग्रंथीतला प्रसार शोधणं. तपासणीच्या १२९ स्लाइडवर सर्वोत्तम प्रोग्रामची गुणवत्ता (१ म्हणजे बिनचूक) ०.९९४ आली, तर वेळेचं बंधन घातलेल्या ११ पॅथॉलॉजिस्टची सरासरी ०.८१०. बातमी इथे थांबते. वेळेचं बंधन नसलेल्या एका पॅथॉलॉजिस्टने सुमारे ३० तास देऊन त्याच स्लाइड बघितल्या आणि ०.९६६ गाठले, म्हणजे पहिल्या पाच प्रोग्रामच्या सरासरीच्या बरोबरीने. शिवाय प्रोग्रामला एकच प्रश्न विचारला होता. त्याच ग्रंथीत क्षयरोग किंवा लिम्फोमा असता तर त्याने काहीच सांगितलं नसतं. आपल्याकडे ग्रंथीत क्षयाच्या गाठी किती वेळा सापडतात हे इथल्या कोणत्याही पॅथॉलॉजिस्टला विचारा.

१३. साध्या एच अँड ई स्लाइडवरून जनुकीय बदल कळतो म्हणे. मग महागडी तपासणी टाळता येईल का?

अजून नाही. २०१९ मध्ये नेचर मेडिसिनमधल्या एका अभ्यासात पोट आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या साध्या स्लाइडवरून मायक्रोसॅटेलाइट अस्थिरता (डीएनएतल्या चुका दुरुस्त होत नसल्याची खूण) ओळखता येते असं दिसलं, आणि त्यानंतर हे क्षेत्र झपाट्याने पुढे गेलं. ज्या भागात प्रत्येकाची तपासणी परवडत नाही, तिथे कोणाची आधी करायची हे ठरवायला याचा मोठा उपयोग होऊ शकतो, आणि मला त्यात खूप आशा वाटते. पण इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती वापरणारा उपचार) द्यायची की नाही हे नेहमीच्या आयएचसी (अँटिबॉडी लावून मार्कर रंगवण्याची तपासणी) किंवा जनुकीय तपासणीवरूनच ठरवलं जातं.

१४. तोंडाच्या कॅन्सरच्या स्लाइडवर प्रोग्राम भलतीच टक्केवारी देतो. काय बिघडलं?

आधी मेलॅनिन (त्वचेला काळसर रंग देणारं द्रव्य) बघा. आपल्या लोकांच्या तोंडातल्या अस्तरात मेलॅनिन असतंच, धूम्रपान करणाऱ्यांमध्ये ते आणखी वाढतं. आयएचसीचा नेहमीचा डीएबी रंगही तपकिरी. अस्तराच्या तळाच्या ओळीत मेलॅनिनचे बारीक दाणे केंद्रकावर टोपीसारखे बसलेले असतात, आणि खाली मॅक्रोफेजमध्ये (कचरा गिळणाऱ्या पेशींमध्ये) त्याचे ढीग असतात. डोळ्याला दाणेदार आणि एकसंध यातला फरक कळतो, प्रोग्रामला फक्त तपकिरी दिसतं. याची खातरजमा सोपी आहे: त्याच ब्लॉकचा अँटिबॉडी न लावलेला काप बघा. तिथेही तपकिरी दिसलं तर ते मार्करचं नाही. अशा स्लाइडसाठी लाल रंग देणारं क्रोमोजेन (डीएबीसारखं रंगद्रव्य) वापरा किंवा तो भाग मोजणीतून वगळा. फुप्फुसाच्या स्लाइडवर काजळीचे काळे कण हाच घोळ घालतात.

१५. हर-२ ला प्रोग्राम ३+ म्हणतो, मॅडम २+ म्हणतात. रिपोर्टवर काय लिहायचं?

पॅथॉलॉजिस्टचं मत. पण आधी फरक का पडला ते शोधा. हर-२ चा रंग ० ते ३+ अशा श्रेणीत मोजतात. ३+ साठी १० टक्क्यांहून जास्त आक्रमक कॅन्सरपेशींच्या कडेला पूर्ण, गडद रंग लागतो. यातला ‘आक्रमक’ (नलिकेबाहेर शिरलेला) हा शब्द कळीचा. नलिकेच्या आतच राहिलेला कॅन्सर बऱ्याचदा हर-२ ला ठळक रंगतो, आणि तो मोजायचा नसतो. प्रोग्रामने आखलेल्या भागात नलिका आल्या का ते बघा. तुकड्याच्या कडेला रंग आपोआप गडद होतो, तेही बघा. हे सगळं वगळूनही २+ आलं तर पुढची पायरी ठरलेली आहे: फिश तपासणी, म्हणजे हर-२ जनुकाच्या प्रती मोजणं.

१६. या सॉफ्टवेअरना मान्यता असते का?

रोगनिदानासाठी वापरायचं असेल तर लागते. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांना मान्यता देणाऱ्या संस्थेने) प्राथमिक निदानासाठी पहिल्या स्लाइड स्कॅनिंग प्रणालीला एप्रिल २०१७ मध्ये परवानगी दिली, ती फिलिप्सची होती. सप्टेंबर २०२१ मध्ये पेज प्रोस्टेट या सॉफ्टवेअरला मिळाली. भारतात १ एप्रिल २०२० पासून निदानासाठीचं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत आलं. संशोधनासाठी आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. क्यूपाथसारखं सॉफ्टवेअर संशोधनासाठी आहे. त्यातला आकडा थेट रुग्णाच्या रिपोर्टवर टाकू नका.

१७. माझी स्लाइड संशोधनात वापरली तर माझं नाव बाहेर जाईल का?

जायला नको, पण एक फट आहे आणि ती सगळ्यांना माहीत असायला हवी. स्कॅनर काचेच्या टोकावरच्या लेबलचाही फोटो काढतो आणि तो त्याच फाइलमध्ये लपलेला राहतो. फाइलचं नाव बदलून ‘रुग्ण १’ केलं तरी आतल्या लेबलवर नाव आणि नोंदणी क्रमांक तसाच असतो. फाइल लॅबबाहेर देण्याआधी ते चित्र आणि सोबतची माहिती काढून टाकायची असते. संमतीपत्रावर सही करताना हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

१८. मुंबईला दुसरं मत घ्यायचंय. ब्लॉक घेऊन जावं लागेल की फाइल पाठवली तरी चालेल?

आधी तिथे विचारा. काही ठिकाणी फाइलवर मत देतात. कॅन्सरची मोठी रुग्णालयं मात्र बहुतेकदा स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागतात, कारण त्यांना स्वतःचा रंग किंवा नवा मार्कर करायचा असतो आणि फाइलमधून नवा काप काढता येत नाही. चौथ्या प्रश्नातल्यासारखा आकड्याचा वाद असेल तर ब्लॉक लागतोच. लॅबमधून ब्लॉक सही करून घ्या, लेबलवरचा क्रमांक रिपोर्टशी जुळवा, आणि उन्हाळ्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. काम झालं की परत आणून लॅबमध्ये जमा करा. पुढे दोन-तीन वर्षांनी नवी तपासणी निघाली तर हाच ब्लॉक लागेल.